अनुज्ञा आणि आचार

मनुष्याच्या प्रत्येक कर्माचा निवाडा दोन ठिकाणी होत असतो: एक राजसभेत आणि दुसरा त्याच्या अंतःकरणात. राजसभेत साक्षीदार लागतात, लेख लागतात. अंतःकरणात कर्ता स्वतःच साक्षी असतो आणि त्या साक्षीला चकविणे त्याला साधत नाही. चोरी, हिंसा, विश्वासघात अशा कर्मांविषयी दोन्हीकडचा निर्णय एकच असतो, म्हणून या दोन निवाड्यांतील भेद सहसा ध्यानात येत नाही. परंतु एखादे वेळी राजसभा एखादा जुना खटला आपल्या पटावरून काढून टाकते. मग मनुष्याला वाटू लागते की, आपली दोन्हीकडून सुटका झाली. हा समज कितपत खरा आहे, हे पारखण्यास जर्मनीत 2024 साली झालेला एक कायदा फार उपयोगी पडतो.

त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून जर्मनीत राहणाऱ्या प्रौढ मनुष्याला आपल्या राहत्या घरी एका वेळी गांजाची तीन झाडे लावण्याची मोकळीक मिळाली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मनुष्याने घराबाहेर 25 ग्रॅमपर्यंत आणि घरी 50 ग्रॅमपर्यंत वाळलेला गांजा जवळ बाळगला, तर तो आता अपराध ठरत नाही. 1 जुलैपासून जास्तीत जास्त 500 सभासदांच्या मंडळांना शासनाच्या परवान्याने सामूहिक लागवड करता येऊ लागली. मात्र याला लागूनच निषेधांची लांब मालिका आहे. घरच्या झाडांचे उत्पन्न विकता येत नाही. इतकेच नव्हे, तर ते मित्राला फुकट देणेही वर्ज्य आहे. झाडे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा बंदोबस्तात ठेवली पाहिजेत. अल्पवयीनांच्या निकट सान्निध्यात सेवन करावयाचे नाही. शाळा, क्रीडांगणे आणि बालोद्याने यांच्या दृष्टीच्या टप्प्यात तर मुळीच नाही.

हा कायदा लोकसभागृहात मांडणारे आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख स्वतः वैद्यकशास्त्राचे पदवीधर होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गांजा निरुपद्रवी आहे असा त्यांच्या पक्षाचा दावा नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, बंदी असूनही सेवन वाढतच गेले, चोरट्या बाजारातील मालात काय मिसळलेले असते हे घेणाऱ्याला कळत नाही, आणि तो बाजार विकत घेणाऱ्याचे वयही विचारत नाही. याउलट तेथील वैद्यकांच्या प्रमुख संस्थेने कायद्याला विरोध केला. मेंदूची वाढ अठराव्या वर्षी संपत नाही, ती विशीच्या मध्यापर्यंत चालते. त्या काळात या वनस्पतीतील मादक द्रव्य, ज्याला टीएचसी म्हणतात, स्मृती आणि एकाग्रता यांना बाधा करू शकते. आणि वारंवार व तीव्र सेवनाने काही जणांत चित्तभ्रमाचा धोका वाढतो, हे त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. दोन्ही पक्ष मुलांच्याच हिताची भाषा बोलत होते. यावरून प्रश्न किती अवघड आहे हे दिसते.

आता या वादातील पूर्वपक्षांचा थोडा विचार करू. पहिला पूर्वपक्ष म्हणतो, जे अनिष्ट आहे ते शासनाने निषिद्धच ठेवले पाहिजे. हे वरवर योग्य वाटते. परंतु अनिष्ट तर क्रोधही आहे, लोभही आहे, अतिभोजन आणि आळसही आहे. या सर्वांसाठी तुरुंग बांधावयाचे ठरले, तर पहारेकरी कोठून आणावयाचे? शिवाय दंडाचे स्वतःचे अनिष्ट असते. विसाव्या वर्षी खिशात सापडलेल्या पुडीमुळे ज्याच्या नावापुढे गुन्हेगार हा शब्द कायमचा लागला, त्याचे झालेले नुकसान त्या पुडीने केले नसते. रोगापेक्षा औषध तीव्र होणे हा वैद्याचा दोष समजला जातो. शासनाविषयीही तोच न्याय आहे.

दुसरा पूर्वपक्ष याच्या उलट टोकाला जातो. माझे घर, माझे शरीर, माझी इच्छा. यात दुसऱ्याने बोलण्याचे कारणच काय? या पक्षाला दक्षिण आफ्रिकेतील एका प्रसिद्ध अभियोगाचा आधार मिळतो. गॅरेथ प्रिन्स या गृहस्थांनी, गांजाचे सेवन हा आपल्या रास्ताफारी पंथाचा आचार आहे, या कारणाने सूट मागितली होती. तेथील सांविधानिक न्यायालयाने 2002 साली ती थोड्या मताधिक्याने नाकारली. पुढे 18 सप्टेंबर 2018 रोजी त्याच न्यायालयाने, उपमुख्य न्यायाधीश रेमंड झोंडो यांच्या निर्णयपत्राद्वारे, प्रौढ मनुष्याने खाजगी जागेत स्वतःपुरता गांजा लावणे व सेवन करणे यांवरील दंड घटनाबाह्य ठरविला. यावेळी आधार पंथाचा नव्हता, खाजगी जीवनाच्या हक्काचा होता. धर्माचरणाच्या नावाने जे मिळाले नाही, ते घराच्या उंबरठ्याच्या नावाने मिळाले.

परंतु उंबरठ्याच्या हक्काचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. राजपुरुषाने उंबरठा ओलांडू नये, एवढेच तो हक्क सांगतो. उंबरठ्याच्या आत जे घडते ते चांगलेच आहे, असे तो सांगत नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने तर 1994 सालीच ही दोन्ही टोके एका निर्णयात धरली होती. नशा करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, असे त्याने एकीकडे म्हटले आणि स्वतःपुरत्या अल्प प्रमाणासाठी खटला चालविण्यापासून शासनाने सामान्यतः दूर राहावे, असेही सांगितले. हक्क नाही, तथापि दंडही नको. या दोन वाक्यांच्या मध्ये जी मोकळी जागा उरते, तीच या लेखाचा विषय आहे.

आपल्या शास्त्रकारांना ही जागा चांगली ठाऊक होती. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. व्यवहाराध्यायात राजा, न्यायसभा, साक्षी, लेख आणि दंड यांचा विचार येतो. पण तो मधला अध्याय आहे. त्याच्या आधी आचार आहे, जेथे मनुष्य स्वतःच्या दिवसाची, अन्नाची आणि संगतीची व्यवस्था लावतो. त्याच्यानंतर प्रायश्चित्त आहे, जेथे चुकलेला मनुष्य स्वतःहून आपल्या चुकीचा भार उचलतो. जे कर्म व्यवहारातून बाहेर काढले जाते, ते शास्त्रातून बाहेर जात नाही. ते मागच्या अथवा पुढच्या अध्यायात जाऊन बसते. जर्मन कायद्याने एवढेच केले की, तीन झाडे व्यवहाराच्या अध्यायातून उचलून आचाराच्या अध्यायात ठेवली.

येथे कोणी विचारील, कायद्याने स्पष्ट शब्दांत तीन झाडांना मोकळीक दिली असता ती शासनाची संमती नव्हे काय? या शंकेचे उत्तर मीमांसाशास्त्रात आहे. मीमांसकांनी आज्ञावाक्यांचे भेद पाडताना परिसंख्या नावाचा एक प्रकार सांगितला. परिसंख्येचे वाक्य वरून विधीसारखे दिसते. तात्पर्य मात्र निषेधात असते. पाच नखे असलेल्या प्राण्यांपैकी अमुक पाच खाण्यायोग्य आहेत, या प्रसिद्ध वचनाचा अर्थ त्यांनी याच रीतीने लावला. ते वचन कोणाला मांस खाण्याची आज्ञा करीत नाही. मनुष्याची प्रवृत्ती तिकडे आपोआप होत असते. वचन केवळ बाकीच्या सर्व प्राण्यांपासून त्याला परतविते. जो मुळीच खात नाही, त्याने त्या वचनाचा भंग केला असे होत नाही.

तीन झाडांचा कायदा हा अशाच परिसंख्येचा नमुना होय. तीन लावा, असे तो म्हणत नाही. चौथे नको, विक्री नको, दान नको, मुलांच्या जवळ नको, असे तो म्हणतो. ज्याने एकही झाड लावले नाही, त्याने कायद्याने देऊ केलेली एखादी वस्तू गमावली असे मुळीच नाही. आकडे देश-देशांत वेगळे असणारच. उरुग्वेने 2013 च्या कायद्यात प्रत्येक घराला सहा झाडे आणि वर्षाला 480 ग्रॅम अशी सीमा घातली. कॅनडाने 2018 साली प्रत्येक घराला चार झाडांपर्यंत मुभा दिली, पण तेथील क्वेबेक प्रांताने घरगुती लागवड वर्ज्यच ठेवली आणि 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. आकडा तीन असो, चार असो वा सहा, तो कुंपणाचा खुंटा आहे. चालण्याची दिशा त्यावरून कळत नाही.

मंडळाची लागवड आणि घरची लागवड यांत जो भेद आहे, त्याकडे मात्र विशेष लक्ष दिले पाहिजे, कारण नैतिक प्रश्न खरोखर तेथेच उभा राहतो. मंडळाला परवाना लागतो, नोंदवह्या ठेवाव्या लागतात, व्यसनाच्या प्रतिबंधासाठी एक जबाबदार मनुष्य नेमावा लागतो. प्रत्येक सभासदाला महिन्याला 50 ग्रॅमच्या वर देता येत नाही. एकवीस वर्षांखालील सभासदाला 30 ग्रॅमच आणि तेही दहा टक्क्यांपेक्षा जास्त टीएचसी नसलेले. घरात यांपैकी काही नाही. तेथे नोंदवही नाही, निरीक्षक नाही, सभासदांची सभा नाही. गृहस्थ स्वतःच शेतकरी, स्वतःच कोठारी, स्वतःच वैद्य आणि स्वतःच पहारेकरी. ही चार पदे एकाच मनुष्याकडे आली असता, त्यांतील पहारेकऱ्याचे पद सर्वांत आधी रिकामे पडते, हा मनुष्यस्वभाव आहे.

एक उदाहरण घ्यावे. एका गृहस्थाच्या तीन झाडांचा हंगाम एकदम आला. झाड ग्रॅम जाणत नाही. चांगल्या निगेच्या एका झाडालाही 50 ग्रॅमपेक्षा पुष्कळ अधिक उत्पन्न येऊ शकते. कायदा सांगतो की, घरी 50 ग्रॅमच्या वर साठा नको. अधिक होईल ते नष्ट केले पाहिजे, दुसऱ्याला देता येत नाही. रात्रीची वेळ आहे. स्वयंपाकघरातील तराजू पुढे आहे. दार बंद आहे, आणि त्या दारापर्यंत कारणावाचून कोणताही राजपुरुष येणार नाही, हे त्यास ठाऊक आहे. कित्येक आठवडे पाणी घालून वाढविलेल्या झाडाचा मोठा भाग आपल्या हाताने फेकून द्यावयाचा आहे. जवळच राहणारा मित्र तर कालच विचारून गेला आहे. या क्षणी कायदा कोठे आहे? तो पुस्तकात आहे. त्या खोलीत केवळ तो गृहस्थ आणि त्याचा विवेक एवढेच आहेत. शासनाने त्याच्यावर विश्वास टाकला. त्या विश्वासास तो पात्र आहे की नाही, हे त्या तराजूपुढे ठरणार आहे.

दुसरा प्रसंग याहून नाजूक आहे. त्याच घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे. कुलूप लावलेल्या खोलीत काय आहे हे त्याला कळत नाही, असे मानणारा बाप स्वतःची फसवणूक करीत असतो. एके दिवशी मुलगा विचारतो, हे वाईट असेल तर कायद्याने चालते कसे, आणि चांगले असेल तर मला वर्ज्य का? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तर्कदृष्ट्या तो पूर्ण शुद्ध आहे. कायदा चालू देतो म्हणून, असे उत्तर बापाने दिले तर मुलगा अठराव्या वाढदिवसाची वाट पाहत बसेल, कारण त्याला केवळ तारीख सांगितली गेली, कारण नाही. वयाची अट कायद्याला पुरते. मुलाला कारण लागते. आणि कारण तोच देऊ शकतो, ज्याने स्वतःच्या आचरणात ते आधी शोधले आहे. मोठ्या माणसाने जे आचरावे तेच इतर लोक प्रमाण मानतात, ही गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रहाची शिकवण राजांनाच लागू आहे असे नाही. दोन खोल्यांच्या घरातील बापही आपल्या मुलांपुरता श्रेष्ठच असतो.

भारतातील वाचकाला हा सर्व दूरच्या देशाचा विषय वाटण्याचे कारण नाही. ही वनस्पती आपल्या भूमीत फार जुनी आहे. पाणिनीने शेतांची नावे कशी सिद्ध करावीत हे सांगताना तीळ, उडीद आणि जवस यांच्या पंक्तीत भङ्गेलाही बसविले आहे. तिच्या शेताला भङ्ग्य अथवा भाङ्गीन म्हणत. पुढे वैद्यकात ती विजया या नावाने आली. इंग्रजी राजवटीत 1893-94 साली नेमलेल्या आयोगाने गांजा, भांग व चरस यांची दीर्घ चौकशी केली आणि सरसकट बंदीऐवजी नियंत्रण व कर यांची शिफारस केली. स्वतंत्र भारतात 1985 चा अमली पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा झाला. त्याच्या व्याख्येत झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस हे निषिद्ध ठरले. शेंड्यांविना असलेली पाने व बी त्यातून वगळली गेली. म्हणून उत्तर प्रदेशात परवान्याच्या दुकानात भांग मिळते, आणि त्याच झाडाचा शेंडा हाती असलेला मनुष्य अपराधी ठरतो. परवान्यावाचून झाड लावणे हा तर वेगळाच अपराध आहे. त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. जवळ बाळगलेल्या गांजाच्या बाबतीत अल्प प्रमाण आणि व्यापारी प्रमाण असा भेद आहे. लागवडीच्या कलमात एक कुंडी आणि एक एकर यांत तसा भेद केलेला नाही.

अपराध्याचे वय, सामर्थ्य, देशकाल आणि अपराधाचे स्वरूप पाहूनच दंड ठरवावा, हे आपल्या स्मृतींचे जुने धोरण आहे. त्या कसोटीने पाहता एक कुंडी आणि एक एकर यांस एकाच मापाने मोजणे न्याय्य ठरत नाही, असे म्हणावे लागते. प्रौढ मनुष्याने स्वतःपुरते लावलेल्या एखाद्या रोपासाठी तुरुंग असू नये, विक्रेत्यासाठी आणि मुलांच्या हाती ते देणाऱ्यासाठी मात्र दंडाची धार बोथट होऊ नये, ही भूमिका धर्मविरुद्ध नाही. परंतु दंड कमी करा असे सांगणाऱ्याने आचार वाढवा हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. एकाच बाजूचे वाक्य उच्चारणारा अर्धे सत्य सांगतो. भांगेचा अनुभव तर समोरच आहे. महाशिवरात्रीला शिवाचे नाव घेऊन जो पेला पुढे केला जातो, त्यास कायद्याचा अडथळा पुष्कळ ठिकाणी नसतो. म्हणून तो पेला उपासना होतो काय? ज्या देवतेने लोकांसाठी हलाहल कंठात धरले, तिच्या नावाने स्वतःची शुद्ध हरपून घेणे हा भक्तीचा विचित्र अनुवाद आहे.

शिक्षणासाठी जर्मनीत गेलेल्या मराठी तरुणांची संख्या आज लहान नाही. सहा महिने तेथे राहिल्यावर प्रौढ रहिवासी म्हणून ही मोकळीक त्यांनाही लागू होते. घरापासून हजारो कोस दूर, थंडीचे लांबलचक महिने, परीक्षेचा ताण, आणि शेजारच्या खोलीत कायद्याने निर्दोष असलेली एक कुंडी. अशा वेळी आईवडील दूरध्वनीवर काय विचारणार? तेथे चालते का, असे विचारले तर उत्तर होय असेच येईल आणि संभाषण संपेल. तुझ्या अभ्यासाला, तुझ्या झोपेला, तुझ्या मनाला ते चालते का, असे विचारले तर संभाषण सुरू होईल. भीतीने सांभाळलेला मुलगा भीती संपताच हातून निसटतो. कारण समजून घेतलेला मुलगा परदेशातही घरातच असतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि त्यांची पारख करताना परिणामाकडे दृष्टी ठेवावयास शिकविले आहे. निद्रा, आळस आणि प्रमाद यांतून निपजणारे सुख तेथे तामस म्हटले आहे. मौज अशी की, त्या वर्गीकरणात कोठेही राजदंडाचा उल्लेख नाही. तामस सुख भोगणाऱ्याला कोणी बंदीत टाकावे असे भगवंत सांगत नाहीत. ते तामस आहे एवढेच ओळखावे, असे सांगतात. जो ओळखतो त्याला बेडीची गरज राहत नाही, आणि जो ओळखत नाही त्याला बेडी फार दिवस पुरत नाही.

यास्तव ज्या देशात ही मोकळीक मिळाली आहे तेथील, आणि जेथे ती उद्या मिळू शकेल तेथीलही, गृहस्थाने कायद्याची कलमे वाचून झाल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे मी मुलापुढे लपविल्यावाचून कारणासह सांगू शकेन काय? एक महिना हे वर्ज्य केले तर माझे मन स्वस्थ राहील काय? माझ्या या सुखाची किंमत घरातील दुसरे कोणी, न बोलता, भरीत तर नाही ना? या प्रश्नांची उत्तरे कोणतेही शासन तपासणार नाही. ज्याची उत्तरे समाधानकारक येतील त्याने कायद्याचे कुंपण सांभाळून स्वस्थ राहावे. ज्याला उत्तर देताना अडखळावे लागेल, त्याच्यासाठी तीन हा आकडाही तीनने जास्त आहे.